इंजिन बसवल्याची नोंद

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मुलाच्या, गौरेशच्या खाटेखालचा लांबट खोका आज बाहेर काढला. तेरा महिने तो तिथंच होता. केर काढताना कमल झाडू त्याच्या कडेकडेनं फिरवायची, खोका हलवायची नाही.

आत विमान आहे, रेडिओवर उडणारं. पंखांचा पसारा दीड मीटरच्या वर. धड, पंख, शेपटी तयार असून वरून लाल-पांढरं अस्तर ताणलेलं. बसवायचं राहिलंय ते इंजिन, इंधनाची टाकी आणि चार सर्व्हो. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत मोटर नि गिअर. खालून रेडिओनं जेवढं सांगावं तेवढीच तिच्या डोक्यावरची दांडी फिरते आणि तारेनं पंखाची किंवा शेपटीची झडप हलवते. इंजिन तेलकट कागदात गुंडाळलेलं, एकदाही न चालवलेलं.

पावतीवर १२ सप्टेंबर २०२३ आहे. म्हणजे गौरेश जायच्या महिनाभर आधी. मी त्याच आठवड्यात रिटायर झालो होतो, दिवसभर घरीच असायचो, पण पार्सल आलेलं मला आठवत नाही.

खाणीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो. तिथं शिफ्ट संपताना काय उघडलं, काय बसवलं ते वहीत लिहायचा नियम होता. तशीच ही वही. मी हे जोडणार आहे. कमलला सांगितलं. ती म्हणाली, "जोडून काय करतलास?" मी म्हटलं, बघू.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

इंजिन ज्या नायलॉनच्या पकडीत बसतं ती विमानाच्या नाकावरच्या फळीला चार बोल्टांनी आवळली. फळी सरळ नव्हती. उजवीकडे आणि किंचित खाली कललेली. कारखान्यात आळशी माणूस असणार. पत्र्याच्या चकत्या कापून मागे घातल्या आणि इंजिन गुण्यात, अगदी काटकोनात आणलं. दुपार गेली, पण छान वाटलं.

चारही बोल्ट आवळले. जेवून आलो, परत तपासले. घट्टच होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सर्व्होच्या पिशवीत रबरी बुचं नि पितळी नळ्या आहेत. त्या कुठं जातात कळेना. खोक्यावर गौरेशच्या अक्षरात एक नंबर होता, अश्विनीचा. म्हापशाची मुलगी, त्याच्याबरोबर पेडण्याच्या सड्यावर, तिथल्या मोकळ्या पठारावर विमानं उडवायची. बाराव्याला आली होती. मी कमलला म्हटलं, तू लाव फोन, बाईमाणसानं लावलेला बरा. ती मागीलदारी गेली.

तिला फोन आवडेनासा झालाय. मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यामागे ठेवलेला असतो. कोणी लावला तर लागत नाही, आणि ती स्वतः कुणाला लावत नाही. वय झालं की माणसाला अशा वस्तूंचा कंटाळा येतो. दारावर पाव घेऊन येणाऱ्या पदेरालाही तिनं कधीपासून नको सांगितलंय. साखर वाढते म्हणून उंडे, ते गोल पाव, बंद करायला मीच सांगत होतो, तेव्हा ऐकलं नव्हतं.

शेवटी मीच लावला. उद्या येते म्हणाली.

२४ नोव्हेंबर, रविवार

अश्विनी आली. सर्वेक्षणाची ड्रोन चालवणाऱ्या एका कंपनीत आहे ती. आधी खोलीच्या दारात थोडा वेळ उभी राहिली, मग कदेल ओढून त्यावर बसली नि कामाला लागली. इंजिन बघितलं नि विचारलं, "काका, मागे चकत्या कुणी घातल्या?"

"मी. फळी वाकडी होती."

"ती वाकडीच हवी. पुढचा पंखा फिरतो तसं नाक डावीकडे ओढतं. म्हणून इंजिनाचं तोंड थोडं उजवीकडे नि खाली ठेवतात. तुम्ही सरळ केलं तर उडताना ते वाकडं जाईल."

एकतीस वर्षं शाफ्ट सरळ करण्यात गेली. चकत्या काढल्या.

सर्व्होचंही तिनं दाखवलं. चारही कानांत, म्हणजे कडेच्या भोकांत, रबरी बूच, बुचात पितळी नळी, नळीची रुंद कड लाकडाच्या बाजूला. स्क्रू नळीपर्यंतच आवळायचा. म्हणजे रबर मोकळं राहतं नि इंजिनाचा थरथराट आत पोचत नाही. "जास्त आवळलं की वाईटच," म्हणाली.

जाताना कमलनं तिला मागच्या परसातली केळी दिली. दोघी पायरीवर बराच वेळ उभ्या होत्या. 

२७ नोव्हेंबर, बुधवार

चार सर्व्हो, सोळा स्क्रू. आधी बारीक भोक, मग स्क्रू घालून काढायचा, भोकात पातळ गोंदाचा थेंब, वाळला की पुन्हा स्क्रू. लाकूड हलकं आहे, घाई केली की आटे मरतात.

काम संपवून हात धुवायला उठलो तेव्हा सव्वासात झाले होते, गौरेशची घरी यायची वेळ. मोटरसायकल चढणीला लागल्याचा आवाज आला. वळणावर दुसरा गिअर पडला. मी पंचा हातात घेऊन उभा राहिलो. वर कोणी आलं नाही.

हे रोजचंच आहे. लिहायचं नव्हतं. आमच्या चढणीला शेवटचं घर आमचंच, तिथं कुणाचं काय काम असणार. कानांचा दोष असेल, वर्कशॉपच्या आवाजात माझे कान गेलेच आहेत. कमल त्या वेळी पीठ मळत असते. आज पाहिलं तर तिचे हात परातीत तसेच थांबलेले. दमते ती हल्ली.

१ डिसेंबर, रविवार

अश्विनीनं रेडिओ चार्ज करून आणला. गौरेशचाच जुना. चालू केल्यावर पडद्यावर त्यानं साठवलेल्या विमानांची यादी येते. शेवटच्या नोंदीला नाव नाही, नुसता आकडा. तिनं उघडून पाहिली.

"ही याच विमानाची मांडणी आहे," ती म्हणाली. "पण बघा, सगळं मऊ ठेवलंय. रेडिओची दांडी पूर्ण ओढली तरी झडप निम्मीच हलणार. गौरेश असं कधी उडवायचा नाही. हे ज्याला अजिबात येत नाही त्याच्यासाठी ठेवतात, हात थरथरला तरी विमान पडू नये म्हणून."

मी म्हटलं, "क्लबात नवीन कोणी आला असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल."

रेडिओ चालू ठेवून सगळ्या दांड्या मधोमध आणल्या, मगच सर्व्होच्या डोक्यावर प्लास्टिकचे हात बसवले, तारेशी काटकोनात. ती गेल्यावर मी एकट्यानं चालू करून पाहत होतो. शेपटीचा सर्व्हो आपोआप थरथरला. रेडिओ टेबलावर, माझे हात मांडीवर. झडप दोनदा डावीकडे गेली नि थांबली.

मी म्हटलं, "काय रे?" मोठ्यानं म्हटलं. कमलनं स्वयंपाकघरातून ऐकलं असणार, पण तिनं विचारलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पुन्हा झालं. संध्याकाळी. डावीकडे दोनदा. अश्विनीला फोन केला. "आतला एखादा भाग खराब असेल किंवा बॅटरी मेली असेल. बॅटरी बदला, नाही थांबलं तर सर्व्हो बदलू." मी बरं म्हटलं. बॅटरी बदलली नाही.

१५ डिसेंबर, रविवार

इंजिनाचे चार बोल्ट काढले. आट्यांना लावायचा निळा गोंद नीट बसला होता. पुसून पुन्हा लावला, पुन्हा आवळले. तिसरी खेप.

तारांच्या टोकांना प्लास्टिकचे चिमटे असतात, ते उघडू नयेत म्हणून वर रबरी नळीची कडी सरकवायची. सगळ्या कड्या आहेत. मोजल्या. दुपारी पुन्हा मोजल्या. प्रत्येक वस्तूवर आता पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, बसवली त्याच क्षणी. म्हणजे नंतर कोणी विचारलं तर ठिपका दाखवता येईल.

२२ डिसेंबर, रविवार

आज अंगणात इंजिन चालवलं. नवं इंजिन आधी जास्त तेल-इंधन पाजून, गुरगुरत ठेवून मुरवावं लागतं. अश्विनी इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या स्क्रूपाशी, मी पंखा फिरवायला. विमान मागून घट्ट धरायला तिसरं माणूस हवं होतं. शेजारच्या शांतारामला हाक मारणार तेवढ्यात कमल पदर खोचून आली नि शेपटीपाशी बसली.

चौथ्या फेऱ्याला पेटलं. धूर, एरंडेलाचा वास. आवाज घरात घुमला. मला वाटलं ती हात सोडेल. तिनं डोळे मिटले होते, पण सोडलं नाही. टाकी संपेपर्यंत, दहा मिनिटं. बंद झाल्यावर तिच्या तळव्यांवर अस्तराच्या कडांचे वळ होते. तेलाचे शिंतोडे तोंडावर. तिनं पुसले नाहीत, तशीच आत गेली.

५ जानेवारी २०२५, रविवार

विमानातली बॅटरी शेवटी बदलली. शेपटीच्या सर्व्होची थरथर थांबली. चार दिवस झाले, एकदाही हललेला नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

आज जे लिहायचं ते लिहून टाकतो. वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार. सकाळी मी गौरेशच्या मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकचे शू बदलले. तो म्हणाला होता, गॅरेजला टाकतो. मी म्हटलं, फिटर बाप घरात असताना गॅरेज कशाला. ब्रेकच्या दांडीच्या नटातून एक स्प्लिट पिन जाते, नट गळू नये म्हणून. जुनी काढताना तुटली. नवी आणायला मी पत्र्याच्या डब्याशी गेलो. तेवढ्यात कमलनं चहाला हाक मारली.

चहा आठवतो. त्यात आलं होतं. पिन घातलेली आठवत नाही.

सोमवारी संध्याकाळी कारापूरच्या पुढच्या वळणावर तो समोरच्या टेंपोवर गेला. मोटरसायकल पोलिसांच्या आवारात होती. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. आत गेलो असतो तर एका नजरेत कळलं असतं. सगळी धावपळ कमलच्या भावानं केली, त्यानंच ती भंगारात दिली. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं.

डब्यातल्या पिना मोजून काही कळत नाही. आधी किती होत्या ते मला माहीत नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

अश्विनी आली. मी म्हटलं, अजून इंजिनाची तार बदलायची आहे. ती म्हणाली, "काका, विमान तयार होऊन महिना झाला. तोल पाहिला, रेडिओ लांबून तपासला. आता काय राहिलं?"

"मला खात्री नाही."

"कशाची?"

 तिनं विमान उचलून जनेलातून येणाऱ्या उजेडात धरलं. ठिपके बघत होती. शंभराच्या वर असतील. मग खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोन फेब्रुवारी. मी नकाशावर जागा पाहिली आहे, परवानगी लागत नाही तिथं. पेडण्याचा सडा विमानतळ झाल्यापासून गेला, पण तुमच्या जुन्या खाणीवरचं पठार मोकळं आहे. तुम्ही नाही आलात तर मी एकटी नेईन."

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला निघालो. कमल आधीच गाडीत बसली होती. मी विचारलंही नव्हतं.

एके काळी टिपर उभे करायचे ते पठार. आता गवत आलंय. एका बाजूला खाणीचा खड्डा, पाण्यानं भरलेला, पाणी हिरवं नि गप्प. अश्विनीनं वाऱ्याची दिशा पाहिली, झडपा हलवून दाखवल्या, मला प्रत्येक तार बोटानं ओढायला लावली. मग इंजिन लावलं.  कमलनं मागून धरलेलं विमान अश्विनीच्या इशाऱ्यावर सोडलं.

ते धावलं, उडालं, वळलं. मी पडायची वाट बघत होतो. एक फेरी, दुसरी, पाचवी. काहीच सुटलं नाही.

अश्विनी म्हणाली, "काका, घ्या."

"नको."

"उंचावर आहे. मी बाजूला आहे. घ्या."

तिनं रेडिओ माझ्या हातात दिला. मी दांडी जोरात ओढली, विमान सावकाश वळलं, जणू त्याला माझं अर्धंच ऐकू येत होतं. मग जमू लागलं. किती वेळ गेला माहीत नाही. आणि एकदम इंजिन बंद पडलं.

इतकी शांतता. मला वाटलं झालं, आता खड्ड्यात. मी रेडिओ तिच्याकडे करू लागलो, तिनं घेतला नाही. हळू आवाजात म्हणाली, "इंजिन गेलं म्हणजे विमान गेलं असं नाही. ओढू नका. नाक थोडं खाली राहू दे. ते आपलं आपण येतं. आता डावीकडे. बस. सोडा."

ते आवाज न करता उतरत आलं, गवताला लागलं, उलटलं. पंखा मोडला, बाकी काही नाही. अश्विनी आणायला धावली.

मी खाली बसलो. कमल शेजारी येऊन बसली. आणि मी बोललो. पिन, चहा, पोलिसांचं आवार, सगळं. तिच्याकडे न बघता, खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

 मग ती म्हणाली, "मी तेका फोन केलंय."

"कधी?"

"तेव्हाच. उंडे घेवन ये म्हणून सांगूक. कारापूरच्या दुकानातले तेका आवडत. तेणी फोन घेतल्यान. 'आये' म्हटल्यान. फुडे कायच नाय. आवाज इलो नि कायच नाय."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मी तसोच कानाक लावून धरून ऱ्हवलंय," ती म्हणाली. "कोण तरी बोलात म्हणून."

आपल्याच घरात, सव्वा वर्ष, मी माझी पिन शोधत होतो आणि ती पलीकडच्या खोलीत कानाला फोन लावून उभी होती. आम्ही दोघं एकाच भांड्यातलं जेवत होतो.

तुझी चूक नाही, असं मी म्हटलं नाही. तिनंही म्हटलं नाही. म्हणायला गेलो असतो तर दोघांनाही खोटं वाटलं असतं. अश्विनी विमान घेऊन येत होती, आम्हाला बघून लांबच थांबली, आणि गवतात बसून मोडका पंखा काढू लागली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कमल म्हणाली, "माका थंय जावचा आसा." कुठं ते मी विचारलं नाही.

त्या वळणावर आम्ही दोघंही कधी थांबलो नव्हतो. म्हापशाला जायला लांबच्या रस्त्यानं जायचो. आज गाडी कडेला लावली. रस्ता साधाच आहे. एका बाजूला पोफळींचं कुळागर, दुसऱ्या बाजूला शेत, शेताच्या कडेला तांबडी भाजी नि मुळे घेऊन बसलेली एक बाई. साठीची असेल. कमल तिच्यासमोर उभी राहिली, भाजीकडे बघत.

बाई म्हणाली, "किती जुड्या देऊ?"

कमल म्हणाली, "गेल्याच्या आदल्या वर्षा, दसऱ्याआधी हंय एक अपघात झाल्लो. मोटरसायकलीचो."

बाईनं हातातली जुडी खाली ठेवली. आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमचो तो?"

कमलनं मान हलवली.

तिचं नाव शेवंती. ती म्हणाली, त्या दिवशीही ती इथंच होती, भाजीवर पाणी मारत होती, पाठ रस्त्याकडे. मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी विचारलं. ब्रेकचा आवाज आला होता का. त्याच्या हातात फोन होता का.

"माका नाय सांगूक येवचा, बाबा," ती म्हणाली. "मी बघूक नाय. आवाज इलो तशी धावलंय. इस्पितळाची गाडी येयसर मी तेचा डोक्या मांडयेर घेवन बसलंय. धा-पंदरा मिनटां. नंतर इतके म्हयने कोण तरी घरचा विचारूक येतला म्हणून वाट बघी होतंय. कोण येवक नाय."

"तो काय बोललो?" कमलनं विचारलं.

"नाय. बोलाक नाय. पण हात धरून होतो माझो. घट्ट. गाडयेत घालताना सोडवचो लागलो."

मला इतके दिवस वाटत होतं की तो रस्त्यावर एकटा पडला होता.

कमल मांडी घालून तिथंच मातीत बसली, भाजीच्या पाटीशेजारी. तिनं विचारलं, "खंयचो हात?"

शेवंतीनं आपला उजवा हात पाण्याच्या बादलीत बुडवून माती धुतली, पदराला पुसला आणि पुढे केला. कमलनं तो दोन्ही हातांत घेतला. एक बस गेली, मग दुसरी गेली. मी गाडीला टेकून उभा होतो. मला घाई नव्हती.